एकाच दृश्यात रडणारे आणि उठून जाणारे

इंदिरानगरमधील एका शिक्षिकेने मला विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे : “चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ मी आणि माझ्या धाकट्या भावाने घरी एकत्र पाहिला. मला त्या रात्री झोप लागली नाही. भाऊ मध्येच उठून गॅलरीत गेला, परत आला आणि शेवट पाहून इतका चिडला की दोन दिवस आमच्यात धड बोलणे नव्हते. तो वाचणारा माणूस आहे. त्याचा स्वतःचा जमिनीचा दावा नाशिकच्या कोर्टात कित्येक वर्षे चालू आहे, त्यामुळे विषय त्याला परका नव्हता. मग एकाच चित्रपटाने दोन माणसांची अशी दोन टोके का व्हावीत? आणि आमच्यात बरोबर कोण?”

ताई, मी ११ वर्षे नाशिकमधील एका एकपडदा चित्रपटगृहाची व्यवस्था पाहिली आणि त्यानंतर आजपर्यंत चित्रपट रसास्वादाचे वर्ग घेत आलो आहे. या दोन्ही कामांत मी पडद्यापेक्षा पडद्याकडे पाहणारे चेहरे अधिक पाहिले. त्या अनुभवावरून माझे मत असे झाले आहे की, एखाद्या चित्रपटावर जीव टाकणारा प्रेक्षक आणि त्याचा तिरस्कार करणारा प्रेक्षक हे बहुतेक वेळा चित्रपटाच्या एकाच जागी उभे असतात. ज्या दृश्याने एकाच्या काळजात वाट केली, त्याच दृश्याशी दुसरा अडखळून पडलेला असतो. वर्गातील प्रत्येक खेळानंतर मी सर्वांना एक चिठ्ठी देतो आणि तिच्यावर दोनच गोष्टी लिहायला सांगतो : चित्रपट आवडला की नाही, आणि कोणते दृश्य डोळ्यांसमोरून जात नाही. भारावलेले आणि संतापलेले लोक पुन्हा पुन्हा तेच एक दृश्य लिहितात. ‘ठीक होता’ असे म्हणणाऱ्यांच्या चिठ्ठ्यांवर मात्र ‘छायाचित्रण चांगले’, ‘अभिनय उत्तम’ असे काहीतरी असते आणि दृश्याची जागा कोरी असते. हे पाहत आल्यामुळे, आवडनिवड ही चित्रपटाच्या दर्जाची मोजपट्टी आहे असे मानणे मी फार पूर्वीच सोडून दिले.

या विषयावर विचार करताना नाशिकच्या माणसाला दादासाहेब फाळके यांच्यापासून सुरुवात करावीशी वाटते आणि त्याला केवळ गावाचा अभिमान हे कारण नाही. त्र्यंबकेश्वर येथे १८७० साली जन्मलेल्या फाळके यांनी १९१७ मध्ये ‘लंकादहन’ काढला. या मूकपटात राम पडद्यावर येताच प्रेक्षक पायांतील वहाणा काढून ठेवत, अशी आठवण सांगितली जाते. याच चित्रपटात राम आणि सीता या दोन्ही भूमिका अण्णा साळुंके या एकाच पुरुष नटाने केल्या होत्या. म्हणजे वहाणा काढणाऱ्या प्रेक्षकाच्या समोर जे प्रत्यक्ष होते, त्यात अविश्वास वाटण्यासारखे पुष्कळ होते, तरीही त्याला राम दिसला. आज आपण तोच तुकडा कुतूहलाने पाहतो, साळुंके यांच्या दंडाचे स्नायू आपल्याला दिसतात आणि सीता दिसेनाशी होते. चित्रपट तोच राहिला आहे. तो प्रेक्षक घरून जे घेऊन आला होता, ते आपल्यापाशी नाही, एवढाच काय तो फरक.

या गोष्टीचे सर्वांत नेमके विवेचन मला कोणत्याही आधुनिक पुस्तकात मिळाले नाही. ते हजार वर्षांपूर्वी काश्मीरमध्ये होऊन गेलेल्या अभिनवगुप्त यांनी भरताच्या नाट्यशास्त्रावर लिहिलेल्या ‘अभिनवभारती’ या भाष्यग्रंथात मिळाले. रस आपोआप निर्माण होतो असे ते मानत नाहीत. प्रेक्षक आणि नाटक यांच्यामध्ये येणारी विघ्ने दूर झाली, म्हणजे जी निर्विघ्न प्रतीती उरते, तिला ते रस म्हणतात आणि अशी सात विघ्ने सांगतात. त्यांतील पहिले संभावनाविरह, म्हणजे ‘असे कधी घडेल काय?’ ही शंका. त्यावर त्यांनी सांगितलेला उपाय असा की, लोकविलक्षण पराक्रम दाखवायचे असतील तर रामासारखा नायक घ्यावा, कारण त्याच्याविषयीचा विश्वास लोकांच्या मनात पिढ्यान्‌पिढ्या मुरलेला असतो. फाळके यांनी समुद्र उल्लंघून जाणारा हनुमान पडद्यावर आणला, तेव्हा त्यांच्या हाती हाच मुरलेला विश्वास होता. तो नसता, तर त्याच हनुमानाला लोक हसले असते.

सातांपैकी सर्वच विघ्ने आपल्या प्रश्नाला लागू पडत नाहीत, त्यामुळे काहींना नुसता स्पर्श करतो. प्रतीतीच्या साधनांतील वैगुण्य हे त्यांपैकी एक. रिळांच्या काळात आमच्या भागातील एक चित्रपटगृह दिवसाचे चार खेळ वेळेत बसवण्यासाठी लांब चित्रपटाची एखाददुसरी रिळे परस्पर गाळत असे आणि लोक बाहेर येऊन ‘गोष्ट तुटक आहे’ म्हणत दिग्दर्शकाला दोष देत असत. आजही संवाद नीट ऐकू न येणारे सभागृह किंवा फोनचा लहान पडदा चांगल्या चित्रपटाचा घात करतो. असा राग खरा असला, तरी तो चित्रपटावरचा राग नव्हे. त्याला उपाय सोपा आहे.

खोल विघ्ने निराळी आहेत. ‘कोर्ट’ पाहणाऱ्यांत ती फार स्पष्ट दिसतात, म्हणून आपण निवडलेले उदाहरण मला मोलाचे वाटते. एका सफाई कामगाराच्या मृत्यूनंतर एका वृद्ध लोकशाहिरावर खटला भरला जातो. त्याच्या गाण्यामुळे त्या कामगाराने आत्महत्या केली, असा आरोप असतो. हा विषय ऐकून प्रेक्षक खडाजंगीच्या तयारीने बसतो, कारण हिंदी-मराठी पडद्यावरील न्यायालयाने त्याला तशी सवय लावली आहे. येथे मात्र कॅमेरा बराच वेळ एका जागी, दूर उभा असतो. चेहऱ्यावर झेप घेणारे समीपदृश्य जवळजवळ नाही, भावना सुचवणारे पार्श्वसंगीत नाही. चित्रपटाचे संकलन एरवी प्रेक्षकाच्या हनुवटीला हात लावून ‘आता इकडे पाहा, आता येथे वाईट वाटून घ्या’ असे सांगत असते. तो हात काढून घेतला, की काही प्रेक्षकांना मोकळे वाटते आणि काहींना सोडून दिल्यासारखे वाटते. दिग्दर्शकाचा निर्णय एकच आहे. आपण रोज एका वर्गखोलीकडे एकदम पाहता, कोण खिडकीबाहेर पाहतो आणि कोण वही लपवतो हे आपल्या नजरेला न सांगता कळते. त्यामुळे त्या स्थिर चौकटीत आपल्याला पाहण्यासारखे पुष्कळ सापडले असावे, असा माझा अंदाज आहे.

त्याच चित्रपटात सरकारी वकील बाई घरी जाऊन स्वयंपाक करतात, कुटुंबासह नाटकाला जातात, बचाव पक्षाचा वकील दुकानात खरेदी करतो, आणि तेवढा वेळ खटला बाजूला राहतो. अभिनवगुप्त ज्याला अप्रधानता म्हणतात, म्हणजे मुख्य सोडून गौण गोष्टीवर नजर खिळणे, ते विघ्न येथे पुष्कळांना होते. ‘मूळ गोष्ट सोडून पोळ्या कशाला दाखवता?’ हा आक्षेप मी वर्गात इतक्या वेळा ऐकला आहे की, आता त्या दृश्यांच्या वेळी मी पडद्याकडे पाहतच नाही, लोकांकडे पाहतो. ज्यांना चित्रपट लागला, त्यांना नेमकी हीच दृश्ये लागलेली असतात. एका म्हाताऱ्याचे आयुष्य ज्यांच्या हातात आहे, ती माणसे संध्याकाळी आपल्यासारखीच घरी जातात, भाजी निवडतात आणि त्याला विसरतात, ही जाणीव त्यांना बसू देत नाही. येथे माझे मत मी लपवणार नाही : ती दृश्ये काढली तर हा चित्रपट उरणार नाही. तथापि, त्यांच्यावर चिडलेल्या माणसाला मी रसहीन म्हणणार नाही, कारण त्याला ज्या गोष्टीची तहान लागली होती तीही खरी होती.

आपल्या बंधूंच्या बाबतीत मात्र मला तिसरे विघ्न अधिक महत्त्वाचे वाटते. त्याचे नाव निजसुखादिविवशीभाव. स्वतःच्या सुखदुःखाने मन इतके व्यापलेले असते की, समोरच्या सुखदुःखाला आत जागाच मिळत नाही. आपण सहज समजतो की, विषय ओळखीचा असला म्हणजे चित्रपट अधिक आवडेल. अनुभव असा आहे की, ओळख एका मर्यादेपर्यंत मदत करते आणि ती ओलांडली की आड येते. रसासाठी भट्टनायक या जुन्या रसमीमांसकांनी सांगितलेले साधारणीकरण व्हावे लागते. ‘हे माझेच’ आणि ‘हे त्याचेच’ या दोन्ही पकडी सैल होऊन ते दुःख कोणाचेही होऊ शकते, तेव्हा ते पाहता येते. ज्याचा स्वतःचा दावा तारखांमागून तारखा पडत लांबला आहे, त्याला पडद्यावरील ‘पुढील तारीख’ हे शब्द कलाकृतीतील शब्द म्हणून कसे ऐकू यावेत? आपल्याला त्या संथपणातून काहीतरी नवीन उमगले. त्यांना तो संथपणा पुन्हा एकदा भोगावा लागला, तोही सुट्टीच्या दिवशी, घरच्या बैठकीत.

आणि मग तो शेवट. न्यायालयाला उन्हाळ्याची सुट्टी लागते, दिवे एकेक करून मालवले जातात, पडदा अंधारात बुडतो. एवढ्यावर चित्रपट संपला असता, तर मला वाटते आपले बंधू काहीशा समाधानाने उठले असते. पण त्यानंतर आपण न्यायाधीशांना नातेवाइकांबरोबर सहलीला गेलेले पाहतो. ते बाकावर डुलकी घेत असतात, मुले ओरडून त्यांना दचकवून उठवतात, त्यांतल्या एका मुलाच्या ते थोबाडीत मारतात आणि पुन्हा डोळे मिटतात. या दृश्याबद्दल मला आलेल्या चिठ्ठ्या मी जपून ठेवल्या आहेत. ‘इतका खरा शेवट मी पाहिलेला नाही’ आणि ‘आमची थट्टा केली’ असे दोन्ही अभिप्राय एकाच दृश्याबद्दल, कधी एकाच रांगेतून, आलेले आहेत.

शेवटाचे वजन एवढे मोठे का असते, याविषयी मानसशास्त्रातही आधार आहे. बार्बरा फ्रेड्रिक्सन आणि डॅनियल काहनेमन यांनी १९९३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लोकांना सुखद आणि दुःखद चित्रफिती दाखवल्या होत्या. नंतर आठवून मत देताना लोकांवर अनुभवाच्या लांबीचा परिणाम फारच थोडा झाला. तीव्रतेचा सर्वोच्च क्षण आणि शेवट यांनी त्यांचे मत घडवले. चित्रपटगृहाच्या दारात उभ्या राहणाऱ्या माणसाला हे अभ्यासाशिवायही कळते. एप्रिल २०१६ मध्ये आलेल्या नागराज मंजुळे यांच्या ‘सैराट’च्या वेळी मी ते रोज पाहत होतो. ज्या गाण्यावर पोरे खुर्च्या सोडून नाचत होती, त्याच खेळातून बाहेर पडताना ती एकमेकांशी बोलत नव्हती. त्या शेवटच्या निःशब्द दृश्यामुळे काहींनी चित्रपट पुन्हा पुन्हा पाहिला आणि काहींनी तिकीट काढल्याचा पश्चात्ताप बोलून दाखवला. एक गृहस्थ मला म्हणाले, ‘मुलीला घेऊन आलो होतो, हे आधी सांगायला हवे होते.’ त्यांच्या बोलण्यात चित्रपट वाईट असल्याचा आरोप नव्हता. गाणी पाहून त्यांनी मनाशी जो करार केला होता, तो मोडला गेल्याची ती तक्रार होती. दिग्दर्शकाने हा करार हेतुपुरस्सर मोडला होता आणि तो मोडण्यातच चित्रपटाचे सामर्थ्य होते, असे मी मानतो. पण ज्याचा करार मोडतो त्याला दुखते, हेही मला नाकारता येत नाही.

‘सैराट’च्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडली आणि ती टाळून या प्रश्नाचे उत्तर पूर्ण होणार नाही. काही चित्रपट प्रेक्षकाला ‘तू कोण आहेस?’ असे विचारतात. ज्यांचे गाव, ज्यांची बोली, ज्यांचा रंग पूर्वी पडद्यावर विनोदापुरता येत असे, त्यांना नायकाच्या जागी आपल्या घरातले माणूस दिसले. काहींना मात्र आपल्यावर आरोप झाल्यासारखे वाटले. एकदा असे झाले की, चित्रपटाविषयीचे मत हे स्वतःच्या माणसांविषयीचे मत बनते आणि माणूस ते वादात सोडत नाही. प्रिन्स्टन आणि डार्टमथ या दोन अमेरिकी शिक्षणसंस्थांमध्ये १९५१ साली फुटबॉलचा एक धसमुसळा सामना झाला. अल्बर्ट हॅस्टॉर्फ आणि हॅडली कँट्रिल या अभ्यासकांनी त्या सामन्याची एकच चित्रफीत दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांना दाखवून नियमभंग मोजायला लावले. डार्टमथच्या खेळाडूंचे जेवढे नियमभंग डार्टमथच्या विद्यार्थ्यांना दिसले, त्याच्या दुपटीहून अधिक प्रिन्स्टनच्या विद्यार्थ्यांना दिसले. त्यांच्या १९५४ मधील निबंधाचे सार असे की, त्या लोकांनी एकाच सामन्याकडे दोन दृष्टींनी पाहिले असे म्हणणेही अपुरे आहे. त्यांनी दोन निरनिराळे सामने पाहिले. मी वर्गात हे उदाहरण नेहमी सांगतो, कारण आपण आणि आपल्या बंधूंनी एकच चित्रपट पाहिला, या गृहीतकावरच आपला सारा वाद उभा आहे.

एकत्र बसलेल्या लोकांचा परिणाम मी येथे थोडक्यात आटोपतो. भरलेल्या सभागृहात हसू आणि हुंदका दोन्ही पसरतात, रिकाम्या सभागृहात चुळबुळ पसरते, आणि पहिल्या चार दिवसांत ‘पडला’ असे नाव झाले की पाचव्या दिवशीचा प्रेक्षक दोष मोजायलाच आत येतो. १५ ऑगस्ट १९७५ रोजी लागलेल्या ‘शोले’ला सुरुवातीला थंड प्रतिसाद मिळाला होता आणि पुढे तोच चित्रपट मुंबईच्या मिनर्व्हा चित्रपटगृहात पाच वर्षे चालला, हे आपल्याकडील सर्वांना माहीत असलेले उदाहरण आहे. आपण दोघांनी चित्रपट घरी पाहिला. तेथे तिसरे कोणी नव्हते, त्यामुळे आपल्याला एकमेकांच्याच श्वासांचा आधार किंवा अडथळा झाला.

तिरस्कार कायमचा असतो, असेही मला वाटत नाही, आणि हे मी स्वतःवरून सांगतो. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ आपल्या नाशिकच्या तुरुंगात १९३३ साली लिहिली. आचार्य अत्रे यांनी तिच्यावर काढलेला चित्रपट १९५३ चा आणि राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक त्यालाच मिळाले. मी तो दहाव्या वर्षी पाहिला आणि आईच्या पदराला धरून रडलो. पंचविशीत पाहिला तेव्हा मला त्याचा संताप आला. आईने मुलाला अपराधी वाटायला लावायचे, याला संस्कार म्हणायचे का, असे मी मित्रांना तावातावाने विचारत असे. त्या वर्षांत माझे घरात पटत नव्हते आणि मी वेगळे बिऱ्हाड केले होते, याचा त्या मताशी संबंध आहे हे तेव्हा मला दिसत नव्हते. आई गेल्यानंतर दोन वर्षांनी वर्गासाठी तो पुन्हा लावला. श्याम पोहायला भिऊन लपतो आणि आई त्याला बाहेर काढते, त्या प्रसंगाला मला दिवे लावण्याआधी काही क्षण बाहेर जावे लागले. पंचविशीतील माझा आक्षेप मला आजही पूर्ण चुकीचा वाटत नाही. परंतु त्या वेळी तो मी चित्रपटावर घेतला होता आणि त्याचे मूळ दुसरीकडे होते.

आता ‘बरोबर कोण?’ या आपल्या प्रश्नाकडे येतो. चित्रपट किती काळजीने बांधला आहे, यावर वाद घालता येतो आणि त्या बाबतीत मी आपल्या बाजूचा आहे. ‘कोर्ट’ हा अत्यंत जबाबदारीने केलेला चित्रपट आहे. २०१४ सालचे सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रीय पारितोषिक त्याला मिळाले ते योग्यच होते. परंतु आपल्या बंधूंची प्रतिक्रिया ही समज कमी पडल्याची खूण आहे, असे मला मुळीच वाटत नाही. झोपलेल्या न्यायाधीशांना पाहून ज्याला संताप आला, त्याच्यापर्यंत ते दृश्य पोहोचलेले आहे, कदाचित आपल्यापेक्षाही थेट. फक्त त्यांच्या आणि त्या दृश्याच्या मध्ये अंतर उरले नाही आणि संतापाला धरायला समोर कोणी न्यायाधीश नव्हते, तर एक चित्रपट आणि तो लावणारी बहीण होती.

त्यामुळे आपण त्यांना चित्रपट समजावून सांगू नये, अशी माझी विनंती आहे. त्यांना एवढेच विचारावे की, ते मध्येच उठून गॅलरीत गेले, ते नेमके कोणत्या दृश्याला. माझा अंदाज आहे की, ती एखादी तारीख पडण्याची वेळ असेल. अंदाज चुकला तर मला अवश्य कळवावे, मी ती चिठ्ठी इतर चिठ्ठ्यांबरोबर ठेवीन. आणि त्यांच्या दाव्याची पुढची तारीख ज्या दिवशी असेल, त्या दिवशी शाळेतून रजा मिळाली तर त्यांच्याबरोबर सीबीएस बसस्थानकाजवळच्या न्यायालयात जाऊन दिवसभर बाकावर बसावे. चित्रपट पुन्हा लावायचा असेल तर त्यानंतर लावावा, आणि लावायचा की नाही ते त्यांना ठरवू द्यावे.